गराडे सरांची खडीसाखर

माझी उजवीकडची खालची दाढ गराडे सरांमुळे गेली. दातांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, सरांनी कधीतरी कानाखाली वाजवली असणार. त्या काळात मास्तरमंडळी ते करतही असत. पण गराडे सरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्यांनी मला खडीसाखर दिली. अख्खं वर्षभर दिली, आणि तीही चावायची नाही, बोलायचं नाही, नुसती तोंडात धरून गप्प बसायचं या अटीवर.

सन साठ उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते, पहिल्या वर्गात, आणि हे 'पहिल्या वर्गात' मी तेव्हा कुठल्याही वाक्यात बसवू शकत असे. लोणावळ्यात बाजाराच्या मागे आमचं घर. वडील म्हणाले, "नुसत्या एम.ए.ला कोण विचारतंय? शिक्षकांचं कॉलेज गावातच निघालंय. बी.एड. करून टाक." मी नाक मुरडत गेले. तिथे इतर विषयांबरोबर 'अध्यापनरचना' नावाचा एक विषय होता. एखादी गोष्ट दुसऱ्याला शिकवायची तर सुरुवात कुठून करायची, तिचे तुकडे किती पाडायचे, कुठल्या तुकड्यामागे कुठला ठेवायचा आणि शिकणाऱ्याला ती खरंच आली का हे ओळखायचं कसं, याचा तो अभ्यास. पाठांची टाचणं लिहून लिहून बोटं दुखायची, म्हणून आम्ही त्याला टाचणाचा तास म्हणत असू.

तो तास गराडे सरांचा. सुदुंबऱ्याच्या शेतकरी घरातला माणूस. सकाळी सायकल मारत बेगडेवाडीला यायचे, सायकल स्टेशनासमोरच्या चहावाल्याकडे टाकायचे आणि गाडीने लोणावळ्याला. धोतर, बटणं न लावलेला कोट, काळी टोपी. कोटाच्या डाव्या खिशात खडू आणि उजव्या खिशात खडीसाखरेची चपटी डबी. वर्गात बोलायचे ते आमच्यासारखंच, पण राग आला किंवा फार आनंद झाला की मावळ जिभेवर यायचा. त्यामुळे सर 'नाही' म्हणतायत की 'न्हाई', इकडे आमचं बारीक लक्ष असे.

पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक गुलाबी फेटा ठेवला. म्हणाले, "हा कसा बांधायचा ते कागदावर लिहा. मी कागद वाचून बांधणार. मला फेटा म्हणजे काय तेही ठाऊक नाही असं धरून चाला."

मी दोन पानं लिहिली. सुरुवातच 'महाराष्ट्राच्या शिरोभूषणांत फेट्याचे स्थान मोठे आहे' अशी. आणि सरांनी ढिगातून नेमका माझा कागद उचलला. टोपी काढून बाजूला ठेवली, टकलावरून एकदा हात फिरवला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'फेट्याचे एक टोक हाती घ्यावे.' घेतलं. 'दुसरे टोक डोक्याभोवती सुबकपणे गुंडाळावे.'"

फेटा चांगला आठ-नऊ वार. दुसरं टोक शोधत सर बाकांमधून फिरले. ते सापडलं दारापाशी. तोवर मधलं सगळं कापड आमच्या वर्गातल्या जोगच्या अंगावर साचलं होतं आणि त्यातून त्याचा फक्त चष्मा दिसत होता. सरांच्या दोन हातांत दोन टोकं, डोकं तसंच उघडं. "सुबकपणे म्हणजे कुठून कुठे हो, एम.ए.?"

वर्ग हसून लोळायचा बाकी होता. माझे कान तापले. मी म्हणाले, "सर, ज्याला फेटा बांधता येतो त्याला ते कळतं."

"ज्याला बांधता येतो तो तुमचा कागद कशाला वाचेल?" सर म्हणाले.

मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा.

सरांच्या तासाला दोन कायदे होते. पहिला, 'समजलं का?' असं विचारायचं नाही. ज्याच्या तोंडून हा प्रश्न निघेल त्याने विहिरीवरून पाणी आणून व्हरांड्यातला माठ भरायचा. "समजलं का विचारलं की सगळं जग हो म्हणतं," सर सांगत. "विचारू नका. करून दाखवायला सांगा." जोगला दर वाक्यामागे 'समजलं का?' म्हणायची खोड होती. त्या वर्षी कॉलेजचा माठ कधी रिकामा राहिला नाही आणि जोगच्या दंडाला चांगला आकार आला.

आम्ही वलवणच्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायचो तेव्हा सर मागे मुलांच्या रांगेत मांडी घालून बसत. शिकवणाऱ्याकडे बघतच नसत. एखाद्या मुलाच्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसायचे. "अंगठा हलायचा थांबला की पोरगं ऐकतंय," असं त्यांचं शास्त्र. कुणी फळ्यापाशी 'समजलं का?' म्हणालं की मागून मुलांच्या आवाजात ओरड येई, "बाई, माठ रिकामा हाय!" मुलं खूश, आम्ही घामाघूम.

दुसरा कायदा खडीसाखरेचा. आपण लिहिलेला पाठ शिकणाऱ्याच्या हातात दिला की आपण समोर बसायचं आणि तोंडात खडीसाखर धरायची. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. शिकणारा अडला, चुकला, उलटं पान धरून बसला तरी नाही. "तुम्ही काय त्याच्या घरी जन्मभर समजावून सांगायला बसणार आहात का? कागद एकटाच जाणार आहे." आणि यावरचं त्यांचं ठरलेलं वाक्य मावळी असायचं, "पोरगं चुकत न्हाई. आपलं टाचण चुकतं."

हे सगळं शिकवणाऱ्या माणसाला घरचा पत्ता मात्र सांगता यायचा नाही. दिवाळीत त्यांनी मला फराळाला बोलावलं. "बेगडेवाडीला उतरा, सुदुंबऱ्याला या, कुणालाही विचारा." मी विचारलेल्या पहिल्या माणसाने मला दुसऱ्याच गराड्यांच्या गोठ्यात नेऊन सोडलं. शेवटी पोचले तेव्हा फराळ गार आणि मी गरम. मावशींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझ्या हातात लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "घरात बी असंच हाय. 'ते तिकडं ठेव' म्हनत्यात. ते मंजी काय आन तिकडं मंजी कुटं, आमी वळखायचं." सर शेव खात खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

वर्षअखेरीच्या परीक्षेला सरांनी प्रश्नपत्रिका काढलीच नाही. प्रत्येकाने कॉलेजबाहेरचा एक मोठा माणूस निवडायचा, त्याला खरोखर हवी असलेली एखादी गोष्ट शिकवणारी पुस्तिका लिहायची आणि त्याने ती वाचून सगळ्यांसमोर ते काम करून दाखवायचं. त्याला आलं तर आपण पास. नाही आलं तर नापास आपण, तो नव्हे.

मला हौसाबाई मिळाली. वलवणच्या वर डोंगरात एक वाडी होती, तिथली. चाळिशीच्या आत-बाहेर, हडकुळी, पण चालायला लागली की मला पळावं लागे. इतकी वर्षं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आता बाजारातल्या एका दवाखान्यात झाडलोटीला लागली होती. तिथल्या डॉक्टरांना सकाळी रोग्यांचा ताप बघून ठेवणारं माणूस हवं होतं. ते तिला म्हणाले होते, "पहिल्या तारखेपर्यंत थर्मामीटर वाचायला शिकलीस तर कायम ठेवतो. नाही तर दुसरी बाई बघतो." प्रौढांच्या वर्गात जाऊन ती अक्षरं आणि आकडे शिकली होती. तेवढ्या भांडवलावर ती हो म्हणाली होती.

"खडी फोडून हाताची साल ऱ्हायली न्हाई बगा, बाई," तिने तळवे पुढे केले. "आता त्या काचंच्या कांडीवरच हाय माजं सगळं."

पहिली तारीख तीन आठवड्यांवर होती. मी चौदा पानी पुस्तिका लिहिली. पहिलं वाक्य, 'पारा हा एक चंचल धातू आहे.' कॉलेजच्या व्हरांड्यात हौसाबाई बसली, समोर मी खडीसाखर धरून, बाजूला सर. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला, काचेची कांडी डोळ्यांपुढे धरली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "दिसला."

मी सरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"कुटं दिसला? बोट ठेवा," सर म्हणाले.

तिने काचेवरच्या लाल बाणावर बोट ठेवलं. पारा तिला दिसलाच नव्हता. सरांनी हळूच विचारलं, "मग 'दिसला' असं का म्हनला?"

"बाईंनी यवढं खपून लिवलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्येस्नी वाईट वाटंल."

मला खरोखरच वाईट वाटलं, पण तोंडात साखर होती. सरांनी पुस्तिका बाजूला सारली. "हौसाबाई, तांदूळ निवडताना ताट कसं धरता?" तिने हात किंचित तिरपे करून उजेडाकडे वळवले. "आता ही कांडी तशीच धरा. आन बोटांत हळूहळू फिरवा." ती फिरवत राहिली, फिरवत राहिली आणि एकदम ओरडली, "अगं बया! रुप्याची तार!"

चौदा पानांत 'फिरवा' हा शब्द कुठेच नव्हता. मला लहानपणापासून फिरवायची सवय, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. चंचल धातू मात्र सुचला होता. त्यावर आणखी एक घोटाळा म्हणजे काचेवरचे आकडे इंग्रजी, आणि हौसाबाईला येत होते ते मराठी. घरी जाऊन मी ती पानं बंबात घातली आणि वाडीवर जाऊन तिच्याशेजारी बसले. नऊच्या आकड्याला ती 'काठीवरचं गाडगं' म्हणाली आणि आठाला 'गाडग्यावर गाडगं'. मी तेच लिहिलं, तसंच चित्र काढलं. नवी पुस्तिका सहा पानांची झाली. हौसाबाईला ती झरझर येऊ लागली. पहिल्या तारखेला चार दिवस उरले होते. मी पुस्तिका तिच्या हातात देऊन म्हणाले, "आता दवाखान्यातल्या थर्मामीटरवर सराव करा." त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई कॉलेजच्या दारात उभी. तिने पदराची गाठ सोडली. आत काचेचे तुकडे.

"फट्‌दिशी फुटलं," ती म्हणाली. "डाक्टर म्हनले, उद्यापासनं येऊ नगंस. माजंच चुकलं. मला अडान्याला हे झेपायचं न्हाई." आणि पदरातल्या दुसऱ्या गाठीतून माझी पुस्तिका काढून तिने मला परत दिली. पानांवर डागसुद्धा पडला नव्हता.

सरांनी तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या हातातून पुस्तिका घेतली. पहिलं पान वाचलं. त्यावर मी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी थर्मामीटर स्वच्छ धुवा.'

"हौसाबाई, दवाखान्यात सुया कशा धुत्यात?"

"उकाळत्या पान्यात. भांड्यात घालून खळाखळा उकाळायच्या."

"मग कांडी कशी धुतली?"

"तशीच की."

"मंजी तुमी बराबर केलं," सर म्हणाले आणि पुस्तिका माझ्यापुढे धरली.

'पण थर्मामीटर गार पाण्यानं धुतात हे तर कुणालाही...' एवढं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. ज्या घरात थर्मामीटर असतो त्या घरातल्या कुणालाही, असं ते वाक्य होतं. 'गार पाण्याने'. दोन शब्द. ते मी लिहिले नाहीत आणि तेवढ्यावरून एक बाई पुन्हा खडी फोडायला निघाली होती. मला रडूच आलं. सरांनी टोपी नीट केली. "चला. रडणं वाटेत उरका."

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाकावर रोगी बसलेले. डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. सर म्हणाले, "सांगा, एम.ए."

"डॉक्टर, थर्मामीटर मी फोडला," मी म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही तर इथे नव्हता."

"मी नव्हते. माझं पुस्तक होतं." मी पहिलं पान दाखवलं. बाकावरचे सगळे रोगी आपापली दुखणी विसरून ऐकत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि विचित्र म्हणजे इतकं हलकंही कधी वाटलं नाही.

डॉक्टरांनी पान वाचलं. "हिला एवढं कळायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" सरांनी शांतपणे विचारलं. "का आईच्या पोटातून शिकून आलात?"

डॉक्टरांना हसू आलं. बाकावरच्यांना आधीच आलं होतं. "बरं, पहिल्या तारखेपर्यंत थांबतो. पण थर्मामीटर?" सर दुसऱ्या दिवशी आपल्या घरातला थर्मामीटर धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. सुदुंबऱ्याहून बेगडेवाडीपर्यंत सायकलवरून आणताना तो फुटू नये म्हणून म्हणे तेवढी वाट चालत आले होते.

पहिल्या तारखेला दवाखान्यात परीक्षा. खंडाळ्याचा रेल्वेचा एक गँगमन तापाने फणफणून बाकावर बसला होता. सरांनी डबी उघडून मला एक मोठा खडा दिला. हौसाबाईने कांडी गार पाण्याने धुतली, झटकली, उजेडात फिरवून पारा खाली गेल्याची खात्री केली, गँगमनच्या जिभेखाली ठेवली आणि दोनदा शंभरपर्यंत मोजलं. मग कांडी काढून फिरवू लागली.

फिरवतच राहिली. बाहेर आभाळ आलं होतं, खोलीत अंधारून आलेलं. डॉक्टर टेबलावर बोटं वाजवत होते. तिने कांडी दुसऱ्या बाजूला फिरवली. कपाळाला आठ्या. 'दाराशी जा, दाराशी!' मला ओरडायचं होतं, पण तोंडात तो खडा. पुस्तिकेत तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, 'दिसत नसेल तर दाराशी जा. घाई नाही.' आठवेल का तिला? सर तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

हौसाबाई उठली. सावकाश दारापाशी गेली. कांडी तिरपी केली.

"येकशे दोन," ती म्हणाली. "आन वर दोन बारक्या रेगा."

डॉक्टरांनी कांडी घेतली, बघितली, परत बघितली. "बरोबर आहे. उद्या सकाळी आठला ये." आणि त्याच क्षणी मी आनंदाने खडीसाखर कडकन चावली. दाढेला तडा गेला तो तेव्हा. हौसाबाई हसत होती, गँगमन तापातही हसत होता आणि मी गाल धरून उभी होते. सरांनी माझ्या पुस्तिकेवर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत, 'पान एक : दोन शब्द उशिरा आले.'

पुढे मी तळेगावला शाळेत लागले. सर निवृत्त झाले. आठ-नऊ वर्षांनी कॉलेजने जुन्या लोकांना एका समारंभाला बोलावलं, तिथे सर भेटले. हात हातात घेतला तर चटका बसला. भाषण चालू असतानाच त्यांना उठवून मी त्याच दवाखान्यात नेलं.

हौसाबाई दाराशीच होती. केस पिकलेले, अंगावर पांढरं स्वच्छ पातळ, कमरेला कपाटाच्या किल्ल्या. तिने सरांना ओळखलं, बाकावर बसवलं आणि कांडी धुऊन त्यांच्या तोंडात दिली. गराडे सर तोंड मिटून गप्प बसले होते. हे दृश्य बघायला आमचा अख्खा वर्ग तिथे हवा होता, निदान जोग तरी.

डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहिलं. हौसाबाईने दोन पुड्या आणून दिल्या. एक जेवणाआधी घ्यायची, एक जेवणानंतर. तिने एकदा नीट सांगितलं. मला वाटलं, आता ही विचारणार, 'समजलं का?' पण ती सरांसमोर बसली आणि म्हणाली, "आता तुमी मला सांगा, सर. कंची कवा घ्यायची?"

सरांनी दोन्ही पुड्या हातात धरल्या. विचार केला. आणि नेमकं उलटं सांगितलं.

मी सांगायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता हात कोटाच्या उजव्या खिशात घातला, डबी काढली आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो मुकाट्याने डावीकडे धरला.

"ऱ्हाऊ द्या सर," हौसाबाई म्हणाली. "तुमी न्हाई चुकला. पुड्या दोनी सारक्या दिसत्यात, माजंच सांगनं चुकलं." तिने एक पुडी घेतली आणि तिच्या टोकाला घट्ट पीळ दिला. "ही पिळल्याली, जेवायच्या आदी. पोट रिकामं आसतं तवा पीळ पडतो. ध्यानात ठेवा. आता सांगा."

सरांनी सांगितलं, बरोबर. ते आधी तापामुळे चुकले होते की मुद्दाम, हे मला तेव्हाही कळलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "लय झ्याक." ते 'छान' म्हणाले नाहीत, हे मी नीट ऐकलं.

दवाखान्यातून थेट संध्याकाळच्या गाडीला जाऊन मी त्यांना खिडकीपाशी जागा धरून दिली आणि फलाटावर उतरले; मी त्या रात्री वडिलांकडेच राहणार होते. बेगडेवाडीला मुलगा घ्यायला येणार होता. मला पुष्कळ सांगायचं होतं. दाढेची गोष्ट सांगायची होती, आणि माझ्या वर्गात आता मीही माठ ठेवलाय, हेही सांगायचं होतं. पण खडा मोठा होता, अजून विरघळला नव्हता, आणि सरांसमोर तो चावायची माझी हिंमत नव्हती. गाडी हलली. सरांनी खिडकीतून पीळ दिलेली पुडी वर धरली आणि दुसऱ्या हाताने पोटावर थोपटून दाखवलं, 'ही आधी.' मी मान हलवली. गाडी वळणाआड जाईपर्यंत पुडी वरच होती.

नंतर सरांची भेट झाली नाही. तोंडात साखर होती, म्हणून निरोपाचं 'या' म्हणायचं राहूनच गेलं.